कोवळं, जून, निबर

नाशिकच्या द्वारकेला समुद्र नाही, रस्ते आहेत. मुंबईहून आलेला आग्रा रोड इथून आडगाव, ओझर, पिंपळगाव करत धुळ्याच्या दिशेने निघतो आणि पुणे रोड इथूनच फुटून नाशिकरोडकडे, पुढे सिन्नरकडे वळतो. शिवाय सारडा सर्कलचा, टाकळीचा, काठे गल्लीचा असे घरगुती रस्ते आहेतच. २०१३ साली उड्डाणपूल सुरू झाला आणि लांबच्या गाड्या डोक्यावरून जाऊ लागल्या. खालची गर्दी होती तिथेच राहिली. त्या गर्दीच्या कडेला, हातगाडीपाशी उभं राहून संध्याकाळची भाजी घेणं हा माझा रोजचा उद्योग. भाजी निवडता निवडता मान वर केली, की पुलाच्या कठड्यावरून सरकत जाणाऱ्या ताडपत्र्या दिसतात. त्यांच्याखालीही बऱ्याचदा भाजीच असते.

इंदूर-आग्र्याकडचा बटाटा याच रस्त्याने खाली येतो. लासलगाव-पिंपळगावचा कांदा याच रस्त्याने मुंबईकडे जातो. आणि दिवस मावळला, की बाजार समितीतल्या लिलावानंतर भरलेले मेथी-कोथिंबिरीचे टेंपो रातोरात मुंबई गाठायला निघतात. मुंबईची परसबाग म्हणतात नाशिकला, ती काही उगाच नाही. पण या तीन गाड्यांच्या चालीत फरक आहे. बटाट्याच्या ट्रकचा ड्रायव्हर ढाब्यावर निवांत जेवेल, खाटेवर पाठ टेकेल. कांद्याचा ट्रक भाव बघून एखादा दिवस थांबूही शकतो. कोथिंबिरीच्या टेंपोला मात्र थांबायची सोय नाही. कसाऱ्याच्या घाटात गाडी अडकली, तर सकाळी मुंबईत उतरेल तो पाचोळा.

भाज्यांचे प्रकार आपण सगळेच प्राथमिक शाळेत शिकलेलो असतो. पालेभाज्या, फळभाज्या, शेंगभाज्या, कंदमुळं. तक्ता करायचा, चित्रं चिकटवायची, गुण मिळवायचे. माझ्या भाचीनेही परवा तो केला. पानाच्या रकान्यात पालक, मुळाच्या रकान्यात गाजर, फुलाच्या रकान्यात अर्थातच फ्लॉवर. तक्ता चुकीचा नाही, पण त्यात भाज्या फार गप्प बसलेल्या दिसतात. झाडाचा कोणता भाग खायचा एवढंच तो सांगतो. तो भाग झाडाने कशासाठी केला होता आणि आपण तो कधी काढून घेतला, हे सांगायला त्यात रकाना नाही. मला तर हा सगळा मामला वेळेचाच वाटतो. प्रत्येक भाजीच्या अंगात एक घड्याळ असतं आणि ती झाडाचा कोणता अवयव आहे, त्यावर त्याचा वेग ठरतो.

जुन्या वैद्यांना याचा वास लागलेला होता. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी भावप्रकाशात भाज्यांचे सहा प्रकार केले आहेत: पान, फूल, फळ, नाळ म्हणजे देठ-खोड, कंद, आणि सहावा संस्वेदज, म्हणजे ओलाव्यातून आपसूक उगवल्यासारख्या वाटणाऱ्या अळिंबीच्या जातीच्या वस्तू. नुसती यादी करून ते थांबले नाहीत. याच क्रमाने भाजी पचायला जड होत जाते, असंही त्यांनी जोडून सांगितलं. पान सगळ्यांत हलकं, कंद त्याहून कितीतरी जड. त्यांच्या खूप आधीच्या चरकसंहितेत तर आलं, मुळा, कांदा, लसूण यांचा वेगळाच हरितवर्ग आहे. म्हणजे ताटात कच्चं काय येतं आणि शिजून काय येतं, याचीही वाटणी तेव्हाच झालेली. शाळेच्या तक्त्यापेक्षा ही मांडणी मला जवळची वाटते, कारण तिच्यात पोटाचा विचार आहे.

पानापासून सुरुवात करू. पान हे झाडाचं स्वयंपाकघर. उन्हाचं अन्न करायचं काम तिथे चालतं, साठवायचं नाही. त्यामुळे तोडलेल्या पानाजवळ शिल्लक अशी काही नसते, आणि श्वास मात्र चालूच असतो. हे पुस्तकी वाटत असेल, तर मेथीच्या मोठ्या ढिगात मनगटापर्यंत हात घालून बघा. वरच्या जुड्या गार, पाणी मारलेल्या. आत मात्र ऊब लागते. ती त्या पानांच्या श्वासाची ऊब. ढीग थोडा वेळ तसाच दाबून राहिला, की आतली जुडी पिवळी पडायला लागते. म्हणून आमच्या भाजीवाल्या मावशी मधूनमधून ढीग उलथापालथा करतात, ओलं गोणपाट पसरतात, डब्यातलं पाणी चुळकाचुळका मारतात. हातांचं हे काम बोलता बोलता चालू असतं. गिऱ्हाइकाशी घासाघीस वेगळी, पाण्याचा हबका वेगळा.

“ताई, मेथी घ्यायची तर आत्ता घ्या. उद्या मला विचारू नका.”

पालेभाजी किलोने विकत नाहीत, यातही हाच हिशेब आहे. सकाळचं वजन संध्याकाळी राहत नाही, मग तोलायचं काय? म्हणून जुडी. बाजार समितीत तिचा भाव शेकड्यावर फुटतो, शंभर जुड्यांचा इतका. त्यातही कोथिंबीर गावठी की चायना, यावर फरक. गावठीला वास जास्त, चायनाला उंची. दोन्ही मुळासकट उपटून येतात. मुळाला थोडी माती राहिली, की तेवढाच काय तो धीर. मेथीला कळी दिसली की भाजी कडवट होते, शेपूला तुरा आला की गिऱ्हाईक हात मागे घेतं. झाड पानांतून फुलाकडे निघालं, की त्याचं पानांवरचं लक्ष उडतं. त्याच्या जरा आधी त्याला गाठायचं, एवढीच पालेभाजी पिकवणाऱ्याची कला, आणि ती सोपी नाही.

फळभाजीचं उलटं. तिथे झाडाला फुलाच्या पुढे, फळापर्यंत जाऊ द्यायचं, पण बीपर्यंत जाऊ द्यायचं नाही. वांगं, भेंडी, गिलकं, दोडकं, कारलं, काकडी, ही सगळी अर्ध्या वाटेवर अडवलेली फळं आहेत. पिकू दिली तर त्यांची भाजी होत नाही. (टोमॅटो आणि लाल भोपळा हे दोघे अपवाद, त्यांना पिकलेपण मानवतं. इकडे खानदेशच्या वाऱ्याने त्या भोपळ्याला गंगाफळही म्हणतात, आणि ते कोपऱ्यात महिनोन् महिने बसून राहतं.) कोवळं, जून, निबर या तीन शब्दांवर सगळा फळभाजीचा व्यवहार चालतो. काकडी कोवळी असावी, दुधी जून नसावा, वांग्यात बी निबर नको. दुधीला नख लावून बघणं, भेंडीचा शेंडा मोडून बघणं, हे आपल्या बायकांचे परंपरागत हक्क, आणि त्यावर भाजीवालीने डोळे वटारणं हा तिचा. कोवळी भेंडी टचकन मोडते. जून भेंडी वाकते, मोडत नाही, साल तुटता तुटता मधे धागा राहतो. तो धागा म्हणजे झाडाने बियांभोवती बांधायला घेतलेली भिंत. भेंडी रोज नाहीतर दिवसाआड तोडावी लागते. शेतकऱ्याच्या घरी लग्न निघालं आणि दोन-तीन दिवस तोडा राहिला, तर पुढच्या तोड्यात निम्मा माल गुरांना.

गिलक्याचं तर विचारूच नका. मुंबई-पुण्याकडे ज्याला घोसाळं म्हणतात, ते हे. आज त्याची भजी करा, बोटाने दाबलं तरी दबतं इतकं मऊ. वेलावरच विसरलं, की आत जाळं विणायला लागतं. सालपट वाळून गळतं आणि हातात येते ती अंग घासायची घासणी. आमच्या माहेरी न्हाणीघरात खुंटीला ती टांगलेली असायची, बियांसकट. वेल तोच, फळ तेच. मधे फक्त काही आठवडे गेले.

मुळ्याइतकी ही वेळेची गंमत दुसऱ्या कुणी दाखवत नाही. लहानपणी पाला खा, मोठेपणी मुळा खा, आणि तो पोचट झाला, त्याच्या आत जाळी पडली आणि वर फुलांचा दांडा निघाला, तरी चिकाटी ठेवा. दांड्याला डिंगऱ्या लागतात. त्या शेंगांची दाण्याचं कूट घालून केलेली भाजी ज्यांनी खाल्ली नसेल, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत शोधावी. तक्त्यात मुळा एकाच रकान्यात चिकटवलेला असतो. प्रत्यक्षात तो पान, मूळ आणि शेंग असे तीन रकाने ओलांडून जातो. आत जी जाळी पडते, तो काही बिघाड नव्हे. मुळ्याने जमिनीत साठवलेलं सगळं उचलून वरच्या फुलांकडे पाठवलेलं असतं. आपल्यासाठी त्याने ते ठेवलंच नव्हतं.

आणि हे पुरतं समजून घ्यायचं, तर कांद्याकडे यावं लागतं. नाशिक जिल्ह्यात राहून कांद्याकडे न येणं तसंही शक्य नाही. माझ्या सासूबाई निफाड तालुक्यातल्या. लासलगावची बाजार समिती १९४७ ची, म्हणजे वयाने त्यांच्या आगेमागेच. घरात दोघींचा उल्लेख साधारण सारख्याच आदराने होतो.

कांदा उभा चिरून बघा, शेंड्यापासून बुडापर्यंत. बुडाशी एक चपटी, टणक, पांढुरकी चकती दिसेल. आपण ती काढून टाकतो. कांद्याचं खरं खोड तेवढंच. खाली तिला मुळं, वर तिच्यावर एकात एक बसलेले पापुद्रे. ते पापुद्रे म्हणजे पानांचे बुडखे. म्हणजे कांदा जमिनीत पोसला, कंद म्हणून ओळखला गेला, पण आपण खातो ती पानंच, रस भरून जाड झालेली. बाहेरची दोन-तीन वाळून कागद झाली, त्यांनी आतल्यांना झाकलं. आणि अगदी मधे, गाभ्यात, एक फिकट पोपटी टोक असतं. ताज्या कांद्यात ते जेमतेम दिसतं, भाद्रपदातल्या कांद्यात चांगलं बोटाच्या पेराएवढं. बाकीचा सगळा संसार त्या टोकासाठी मांडलेला आहे. कांद्याचं आयुष्य मुळात दोन हंगामांचं. पहिल्या हंगामात साठवायचं, मधे झोपायचं, दुसऱ्यात त्या साठ्यावर फुलायचं. आपण त्याला झोपेत गाठतो.

ही झोप कधी घ्यायची, ते कांदा दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. दिवस ठरावीक लांबीचा झाला की पात वाढायची थांबते आणि बुडखे फुगायला लागतात. आपल्याकडच्या जाती साधारण अकरा-बारा तासांच्या दिवसावर समाधानी असतात. युरोपातल्या जातींना उन्हाळ्यातला त्यांच्याकडचा लांबलचक दिवस लागतो. त्या इथे लावल्या, तर हिरवीगार पात देतील आणि कांदा धरणार नाहीत. निफाडच्या नावावर एन-५३ ही जुनी जात आहे, पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्राची एन-२-४-१ आहे. पहिली खरिपाची, दुसरी रब्बीतल्या उन्हाळ कांद्याची. नाव रुक्ष, पण या आकड्यांनी बऱ्याच घरांची लग्नं लावून दिलेली आहेत.

उन्हाळ कांदा तयार झाला, हे कुणाला खणून बघावं लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पातीच्या माना पडतात. अख्खं वावर एका आठवड्यात आडवं होतं. “माना पडल्या” असं फोनवर कुणी म्हणालं, की सासूबाईंचा आवाज बदलतो. मजूर मिळतील का, पाऊस तर नाही ना, चाळ झाडली का, असे प्रश्न सुरू होतात. मग कांदा काढायचा, पातीनेच झाकून वावरात सुकवायचा, मान पिळून आवळली की पात कापायची आणि चाळीत भरायचा. चाळ म्हणजे खालून-बाजूंनी वारा खेळेल अशी, फटींची लांबट खोली. चार-सहा महिने कांदा तिथे काढतो. कोथिंबिरीला एक रात्र मिळते आणि कांद्याला अर्धं वर्ष, याचं श्रेय चाळीला आहेच, पण त्याआधी ते कांद्याच्या स्वतःच्या झोपेला आहे. चाळ फक्त त्याला जागं करत नाही.

तरी तो जागा होतोच. पावसाळी हवा लागली, की काही सडतात, काहींना कोंब येतात. सासूबाई चाळीच्या कडेने एक फेरी मारतात आणि नाकाने सांगतात, “त्या कोपऱ्यात एक गेलाय बघ. काढ लवकर, नाहीतर शेजारचे नेईल.” कधी कांदा याच्याही आधी घाई करतो. निफाडची थंडी महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून माहीत आहे. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावरचं तापमान दर हिवाळ्यात पहिल्या पानावर येतं. उभ्या पिकाला अशी थंडी लागली, की कांद्याला हिवाळा उलटल्याचा भास होतो आणि झोपायच्या आधीच तो फुलायला निघतो. मधून पोकळ दांडा, टोकाला गोंडा. त्याला इकडे डेंगळे म्हणतात. डेंगळे आलेला कांदा मानेत जाड राहतो, टिकत नाही, व्यापारी तो बाजूला काढतो. फूल आलं म्हणून नापास होणारं असं हे पीक.

या झोपेवर माणसाने आणखी एक इलाज केला. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभं केलं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची हलकी मात्रा दिली, की गाभ्यातलं ते पोपटी टोक वाढायचं थांबतं. कांदा कांदाच राहतो, चवही तीच, पण त्याचं फुलायचं कायमचं राहून जातं. पुढे २००७ पासून याच केंद्रातून किरण घेतलेला आंबा अमेरिकेला जाऊ लागला आणि केंद्राचं नाव आंब्यानेच जास्त झालं. जिल्ह्यातला बहुतेक कांदा आजही चाळीच्याच भरवशावर आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. शेतकऱ्याचा तोटा दिसतो, तो खराच आहे. पण भाद्रपदात टोपलीत विसरलेल्या कांद्याने खिडकीच्या दिशेने हिरवी पात काढली, की मी ती खुडते आणि पिठल्यावर घालते, तेव्हा तोट्याची भाषा आठवत नाही.

सगळेच कांदे मात्र खाल्ले जात नाहीत. चाळीतून एक डोळ्याचे, बारीक मानेचे, एकसारख्या रंगाचे कांदे निवडून बाजूला ठेवतात, जोडकांदा नको. दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा मातीत जातात. त्यांना डेंगळे येतात तेव्हा कुणी नाकं मुरडत नाही. पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्या लोटतात, आणि त्यातून निघतं ते काळं बी, उळे. चांगल्या उळ्याचा किलोचा भाव ऐकून शहरातला माणूस दचकतो. कांद्याच्या क्विंटलच्या भावावर रास्ता रोको होतात, उळ्याच्या भावावर होत नाहीत. ते गुपचूप, ओळखीने, विश्वासाने घेतलं जातं.

जमिनीखालच्या या झोपलेल्या जिवाची दखल जैनांइतकी कुणी घेतली नसेल. म्हसरूळजवळचं गजपंथ हे त्यांचं जुनं तीर्थ, आणि शहरात जैन वस्तीही मोठी. त्यामुळे इथल्या पावभाजीच्या गाड्यांवर ‘जैन’ अशी वेगळी पाटी असते आणि तव्यावर बटाट्याऐवजी कच्चं केळं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर वर्ज्य, कारण त्या कंदात अनंत जीव आहेत असं मानतात. पण सुंठ चालते, हळद चालते, ओलं आलं नाही. वाळून गेलेल्यातून आता काही फुटणार नाही, हा त्यामागचा विचार. झाडाचा कोणता भाग, एवढ्यावर तो नियम थांबत नाही. त्या भागात अजून पुढचं आयुष्य शिल्लक आहे का, हे तो विचारतो. बाकी आपण हिंदू उपासाला बटाटा खातो. पोर्तुगिजांबरोबर आलेला हा पाहुणा साबुदाण्याच्या शेजारी जाऊन कसा बसला, ते त्या उपासालाच ठाऊक.

कंदमुळांचा विषय निघाला आणि पंचवटी राहिली, असं नाशिकात होत नाही. द्वारकेहून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत रामकुंड. राम, सीता आणि लक्ष्मण इथे कंदमुळं खाऊन राहिले, ही श्रद्धा. तिला धरून एक माणूस तिथे फळकुटावर भलामोठा, ढोलकीच्या आकाराचा, बाहेरून गेरूच्या रंगाचा ओंडका मांडून बसलेला असतो. तो म्हणजे रामकंदमूळ. धारदार सुरीने तो त्याची इतकी पातळ चकती काढतो की पलीकडचं दिसावं. वर मीठ, लिंबू नाहीतर साखर. चव म्हणाल तर पाणीदार, किंचित गोड, बाकी मीठ-लिंबाची. सप्तशृंगगडाच्या वाटेवरही तो दिसतो, आणि कुठल्या झाडाचं हे मूळ असं विचारलं, की विकणारा हसून रामाचं नाव घेतो.

वनस्पतिशास्त्रज्ञांनाही हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं, कारण विकणारे झाड दाखवत नसत. शेवटी चकतीचा डीएनए तपासून उत्तर काढावं लागलं: हे घायपाताच्या जातीचं आहे. घायपात म्हणजे बांधाबांधावर, रेल्वेच्या कडेला दिसणारं, तलवारीसारख्या पानांचं, दोर वळायचं केकताड. त्याची पानं सोलून काढली, की मधे उरतो तो जाडजूड बुंधा. म्हणजे रामकंदमूळ हे ना कंद, ना मूळ, ते खोड. शिवाय केकताड मूळचं मेक्सिकोकडचं, कोलंबसानंतरच इकडे आलेलं. रामाने ते खाल्लं असण्याची काही शक्यता नाही. पण मला त्या माणसाची सुरी आठवते. जाड तुकडा तो कधीच देत नाही, मागितला तरी. घायपाताच्या खोडात घसा खाजवणारी द्रव्यं असतात. पातळ चकतीत ती बाधत नाहीत. झाडाची जात तो सांगत नाही, पण त्याचा कोणता भाग किती खावा, हे त्याच्या हाताला पक्कं माहीत आहे.

फुलांबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण आपण फुलं फारशी खातच नाही. शेवग्याची, हादग्याची, भोपळ्याची, केळफूल, झालं. भाचीच्या तक्त्यातला फ्लॉवर तर फूल नव्हेच. ते फुलायला निघालेल्या, पण कळी धरायच्या आधीच अडून जाड झालेल्या फुटव्यांचं गच्च डोकं. काढायला उशीर झाला, की ते विस्कटतं आणि त्यातून खरी पिवळी फुलं वर येतात. तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. १८२२ साली इंग्रजांनी त्याचं बी सहारनपूरच्या बागेत पेरलं, तिथून ते देशभर गेलं. गंमत अशी, की फ्लॉवर, कोबी, नवलकोल, ब्रोकोली या चारही भाज्या एकाच जातीच्या. युरोपच्या किनाऱ्यावरचं एक रानटी रोप, आणि शतकानुशतकं निरनिराळ्या गावच्या शेतकऱ्यांनी त्याचा निरनिराळा भाग लाडावलेला. कुणी शेंड्याची कळी फुगवली, त्याचा कोबी झाला. कुणी खोड फुगवलं, त्याचा नवलकोल. झाड एकच आणि त्याला अडवायच्या जागा चार.

भावमिश्रांचा सहावा प्रकार, अळिंबी, आता प्लास्टिकच्या डबीत बारा महिने मिळते. तिच्याबद्दल माझं फारसं बरं मत नाही. रानभाज्यांचं तसं नाही. पहिल्या पावसात पेठ-हरसूलकडच्या बायका पाट्या घेऊन येतात, त्यात करटुली, कुरडू, टाकळा, बांबूचे कोवळे कोंब असतात. त्यांचं घड्याळ सगळ्यांत कडक. गेल्या बुधवारी होतं ते या बुधवारी नसतं.

या सगळ्यांना एकत्र शिजताना बघायचं, तर ऋषिपंचमीला स्वयंपाकघरात यावं. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा त्या दिवसाचा नेम. त्यामुळे परसातलं, बांधावरचं, हाताने लावलेलं तेवढंच चालतं. मावशी आदल्या दिवशीच वाटे लावून ठेवतात: अळूची पानं, लाल माठाचे देठ, सुरणाचा तुकडा, गंगाफळाची फोड, पडवळ, दोडकं, चार भेंड्या, मक्याचं कणीस, अंबाडीची मूठ. यंदाच्या वाट्यात त्यांनी एक बटाटाही सरकवला होता. सासूबाईंनी तो उचलून परत त्यांच्या पाटीत ठेवला.

“याला नांगर लागतो.”

“आई, आता बैल कुठं, ट्रॅक्टरच,” मावशी म्हणाल्या. त्यावर दोघी हसल्या, आणि बटाटा पाटीतच राहिला.

घरी आल्यावर चिरलेल्याचे वेगवेगळे ढीग होतात, आणि पातेल्यात ते एकदम जात नाहीत. आधी सुरण आणि कणसाचे तुकडे, ते जड. मग माठाचे देठ. मग गंगाफळ, पडवळ, दोडकं, भेंडी. अंबाडी आणि माठाचा पाला सगळ्यांत शेवटी, झाकण काढायच्या जरा आधी. भावप्रकाश सासूबाईंनी वाचलेला नाही, पण पातेल्यातला क्रम भावमिश्रांचाच, फक्त उलटा. फोडणी नाही, मसाला नाही. हिरवी मिरची, मीठ, वरून खोबरं आणि तूप. अळूचं मात्र त्या कुणाचं ऐकत नाहीत. पान असूनही ते चिंचेच्या कोळासकट अगदी पहिल्यांदा, सुरणाच्याही आधी पडतं आणि रटरट शिजत राहतं, नाहीतर पहिल्याच घासाला घसा धरतो.